कोडिंग येत नाही? तरी वॉकी-टॉकीचं टेस्टिंग ऑटोमॅटिक होऊ शकतं!

वॉकी-टॉकी दुरुस्तीचं वर्कशॉप टाकताय? मग ४० सेट हातानं तपासणं काय असतं ते कळेलच. ट्रान्समीटरची पॉवर, फ्रिक्वेन्सी, रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी... तीच बटणं, तीच वही. शेवटी डोळे थकतात आणि खराब सेट गिऱ्हाइकाकडे जातो.

‘लॅबव्ह्यू’ सॉफ्टवेअर १९८६ पासून आहे. यात कोड टाइप करायचा नाही. स्क्रीनवर चौकोन मांडून तारा जोडायच्या. (शिकायला वेळ लागतो हं, जाहिरातीवर जाऊ नका.) त्याची फुकट कम्युनिटी आवृत्ती धंद्यासाठी चालत नाही, म्हणून लायसन्सचा खर्च आधीच धरा.

टेस्टिंगचं मशीन घेताना विचारा, ‘स्किपी’ चालतं का? कॉम्प्युटरवरून मशीनला हुकूम द्यायची ही १९९० ची स्टँडर्ड भाषा. नसेल तर स्वस्तातलं मशीनही महागात पडेल.

पण सगळ्यात आधी टेस्ट कागदावर लिहा. ५ वॉटचा सेट किती वॉटच्या खाली फेल धरायचा? हा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. आकडा चुकला तर कॉम्प्युटर ४० च्या ४० सेट बिनधास्त ‘पास’ करेल. म्हणून पहिले दहा सेट हातानंही तपासा, रीडिंग जुळवा, मगच ऑर्डर घ्या.