संशोधनाचा पहिला रुपया

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत हिशेब सुरू होतात. मुलीला नर्सिंगला पाठवायचे की डी.एम.एल.टी.ला, मुलाला बी.यू.एम.एस.ला प्रवेश मिळेल का, फी किती, वसतिगृहाचे किती. आम्ही शिक्षक असल्यामुळे असे पालक दरवर्षी आमच्याकडे येतात आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरे आम्ही शक्य तितकी देतो. मात्र एक प्रश्न अजून कोणत्याही पालकाने आम्हाला विचारलेला नाही. मुलाला किंवा मुलीला उद्या एखाद्या आजाराचे कारण शोधावेसे वाटले, तर त्यासाठी पैसा कोण देईल?

वाचक म्हणतील, आधी डिग्री तर मिळू दे! पण हा प्रश्न दूरचा नाही. आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी दुखण्यांची कारणे कोणी नीट शोधलेलीच नाहीत, कारण शोधणारे हात आणि पहिला रुपया एका जागी आले नाहीत.

आपल्या देशात आरोग्य संशोधनाला मोठा पैसा देणारी प्रमुख संस्था म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजेच आय.सी.एम.आर. तिची सुरुवात १९११ साली 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' या नावाने झाली आणि १९४९ पासून ती आजच्या नावाने ओळखली जाते. अशा संस्थेकडे अर्ज केला की पहिली विचारणा होते ती प्राथमिक पुराव्याची. तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे असे वाटावे, इतकी माहिती तुम्ही आधी गोळा केली आहे का? विचारणा रास्तच आहे, जनतेचा पैसा केवळ अंदाजावर कसा द्यायचा? पण प्राथमिक माहिती गोळा करायलाही पैसा लागतो. नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी हवी, तसाच हा पेच आहे.

हा पेच सुटतो तो अंतर्गत अनुदानाने. महाविद्यालय, रुग्णालय किंवा विद्यापीठ आपल्याच पैशातून आपल्याच शिक्षकाला, डॉक्टरला, परिचारिकेला किंवा विद्यार्थ्याला एक लहान रक्कम देते आणि सांगते, वर्षभर काम करून पाहा, काय निघते ते कळवा. या पैशातून कोणाचा पगार निघत नाही. तपासणीचे साहित्य, अर्ज छापणे, घरोघर जाणाऱ्यांचा प्रवासखर्च, माहिती संगणकात भरून घेणे, एवढेच त्यातून होते. काही निघाले तर त्याच्या आधारावर मोठ्या संस्थेकडे अर्ज करता येतो. काही निघाले नाही तर फार पैसा बुडालेला नसतो आणि एक रस्ता बंद आहे हे कळलेले असते.

आता हे आपल्या घरापर्यंत आणून पाहू. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी ही यंत्रमागांची गावे. सुती कापडाच्या कामात कापसाची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षे श्वासात गेली तर 'बिसिनोसिस' नावाचा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. सूत काढण्याच्या खात्यात त्याचा धोका जास्त असतो, पण विणकामातही धूळ असतेच. या आजाराची खूण अशी की, साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. पाश्चात्त्य देशांत रविवारी सुट्टी म्हणून पुस्तकांत ही खूण सोमवारची म्हणून लिहिली गेली. मालेगावात मात्र माग शुक्रवारी बंद असतात. तिथे सोमवारी छाती भरते का, असे विचारले तर कामगार नाही म्हणेल आणि विचारणारा तशी नोंद करून निघून जाईल. शनिवारी काय होते, असे विचारायला हवे. हे ज्याचे अब्बा किंवा चाचा मागावर उभे राहिले आहेत, त्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला फक्त श्वासाचा जोर मोजणारे एक साधे यंत्र, छापील प्रश्नावली आणि दोन-तीन महिन्यांची सवड हवी. यंत्र काही महागडे नसते. पण तेवढाही खर्च विद्यार्थ्याने खिशातून करायचा म्हटले की प्रश्न मनातच राहतो.

लहान मदतीतून किती मोठे काम उभे राहू शकते, याचा एक दाखला आपल्या मुंबईतच आहे. १८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला मुंबईला बोलावले. हाफकिन मूळचे ओडेसाचे यहुदी. कॉलऱ्याची लस त्यांनी आधीच तयार केली होती. मुंबईत त्यांना काम करायला मिळाले ते ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेची एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. कॉलेजने जागा मोकळी करून दिली, एवढेच ते अंतर्गत अनुदान. तिथे अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

पुढची अडचण दोन प्रकारची होती. लस भरपूर बनवायला जागा हवी होती आणि ती टोचून घ्यायला लोक तयार व्हायला हवे होते. इथे इस्माईली खोजा जमातीचे इमाम तिसरे आगाखान, सुलतान मुहम्मद शाह, पुढे आले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम वीस. त्यांनी 'खुशरू लॉज' ही आपली प्रशस्त वास्तू हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला दिली, स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली आणि जमातीलाही तसे करायला सांगितले. खोजा जमातीतल्या हजारो लोकांनी लस घेतली आणि त्यांच्यातला प्लेगचा जोर कमी झाला. हे दिसल्यानंतर सरकारचा हात सैल झाला. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ पासून ती 'हाफकिन इन्स्टिट्यूट' या नावाने ओळखली जाते. आज परळच्या त्या भव्य वास्तूसमोरून जाताना एका कॉलेजच्या व्हरांड्याची आणि एका जमातीच्या विश्वासाची आठवण ठेवायला हवी.

दुसरा दाखला तर प्रत्येक घरातल्या फडताळात सापडेल. जुलाब लागल्यावर आपण मुलांना मीठ-साखरेचे पाणी देतो, ते ओ.आर.एस. कॉलऱ्यात आतडे शरीरातले पाणी झपाट्याने बाहेर टाकते. पण मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिली तर तेच आतडे ती शोषून घेते आणि त्यांच्यासोबत पाणीही आत जाते. हे जाणून ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत रुग्णांवर उपचार केले गेले आणि त्याचे निष्कर्ष १९६८ साली प्रसिद्ध झाले. ते काम करणाऱ्यांत अमेरिकन डॉक्टरांबरोबर रफीकुल इस्लाम हे स्थानिक डॉक्टरही होते. तरीही डॉक्टरमंडळींचा विश्वास शिरेतून चढवायच्या सलाईनवरच होता.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले आणि सीमेवरच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. कोलकात्यातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी कोलकात्याच्या आपल्या केंद्राच्या वाचनालयाच्या खोलीतच मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून प्लास्टिकच्या पुड्या भरायला सुरुवात करवली. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा. एका लिटरच्या सामग्रीला खर्च आला ११ पैसे. छावणीत हे पाणी पाजण्याचे काम रुग्णांच्या आया, बहिणी आणि इतर नातेवाइकांनी केले. आधी अशा परिस्थितीत शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत. महालनबीस यांच्या देखरेखीखाली हे प्रमाण ३.६ पर्यंत खाली आले. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाला विसाव्या शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. २०२२ मध्ये महालनबीस यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

इथे जरा थांबून विचार करू. बनगावच्या डॉक्टरला आधी मोठ्या संस्थेकडे अर्ज करून मंजुरीची वाट पाहावी लागली असती तर? मंजुरी येईपर्यंत छावणी रिकामी झाली असती, आणि कशाने ते सांगायला नको. संस्थेची खोली, संस्थेची माणसे आणि संस्थेचे साहित्य लगेच वापरता आले, म्हणून ते पाणी रुग्णांच्या ओठांपर्यंत वेळेत पोहोचले.

याचा अर्थ पैसा आणि मोकळीक दिली की झाले, असे मात्र नाही. हाफकिन यांच्या लसीच्या बाबतीत १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात भयंकर घटना घडली. एका बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, प्रयोगशाळेचा दोष नाही, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. प्रत्येक बाटलीची, प्रत्येक हाताची नोंद किती काटेकोर हवी, ते यावरून कळते. शिवाय लसीची सुरुवातीची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर झाली होती. ते स्वेच्छेने पुढे आले होते असे म्हणतात, पण कैद्याची इच्छा कितपत मोकळी असते?

म्हणूनच आज अंतर्गत अनुदानाचा लहानसा अभ्याससुद्धा नैतिक समितीपुढे जातो. माणसांवरील संशोधनासाठी आय.सी.एम.आर.ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, ती २०१७ साली नव्याने प्रसिद्ध झाली. त्यांनुसार अभ्यासात भाग घेणाऱ्याला सगळी माहिती त्याला समजेल अशा भाषेत द्यायची असते. त्याने नाही म्हटले तर त्याच्या उपचारात काही कमी करता येत नाही, आणि मधेच बाहेर पडायचा हक्क त्याला असतो. कोणी तुमच्या दारात अर्ज घेऊन आले तर दार लावू नका, पण सही करण्याआधी विचारा. अभ्यास कशाचा आहे? मंजुरी कोणत्या समितीची आहे? आमच्या रक्ताच्या नमुन्याचे पुढे काय होणार? निष्कर्ष आम्हाला सांगणार का? कागद उर्दूत हवा असेल तर तसे सांगा. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आम्ही रोज पाहतो की, इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर वाचणाऱ्याला बहुधा कळतच नाही. प्रश्न कळला नाही की उत्तर चुकते, आणि चुकलेल्या उत्तरांतून चुकलेला निष्कर्ष निघतो.

मग हा पहिला रुपया आज कुठे मिळतो? एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी आय.सी.एम.आर.ची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे. ती बाहेरची मदत असली तरी दोन महिन्यांच्या लहान अभ्यासाला पुरते आणि अर्ज कसा लिहायचा याची सवय लावते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ॲलोपॅथीबरोबरच युनानी, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंगचीही महाविद्यालये संलग्न आहेत. विद्यापीठाच्या संशोधन अनुदानाच्या योजना वेळोवेळी जाहीर होतात. अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत केंद्राच्या योजनेतून बहुविद्याशाखीय संशोधन केंद्रे उभी राहिली आहेत आणि तिथे स्थानिक समितीच प्रस्ताव तपासते. मुलामुलींनी करायचे ते एवढेच की, महाविद्यालयाच्या संशोधन समितीच्या सचिवांना भेटून अनुदान आहे का, अर्जाची शेवटची तारीख कोणती आणि गेल्या वर्षी कोणते विषय मंजूर झाले, हे विचारायचे. आपली मुले, विशेषतः मुली, हे विचारायला संकोचतात. त्यांना घरातून कोणीतरी 'जा, विचार' असे म्हणायला हवे.

अर्ज लिहिताना मोठा विषय घेऊ नये. 'मुस्लिम स्त्रियांचे आरोग्य' हा विषय अर्जात मावत नाही. 'आमच्या दोन गल्ल्यांतल्या गरोदर बायका लोहाच्या गोळ्या मधेच का सोडतात' हा मावतो. गोळीने शौचाला काळे होते म्हणून घाबरून सोडतात, की मळमळ होते म्हणून, की सासूबाई नको म्हणतात म्हणून? उत्तर सापडले तर त्याच गल्लीतल्या आशाताईंना दुसऱ्या दिवसापासून त्याचा उपयोग होईल.

शेवटी, आपल्या समाजात तालिमी संस्था, दवाखाने आणि शिष्यवृत्ती देणारे ट्रस्ट चालवणाऱ्या मंडळींना आमची एक विनंती आहे. इमारत बांधली की तिला नाव देता येते, उद्घाटन करता येते. एखाद्या परिचारिकेच्या प्रश्नासाठी दिलेल्या लहान रकमेचे उद्घाटन होत नाही. तरीही वर्षाच्या अंदाजपत्रकात 'संशोधन' या नावाचा एक रकाना घाला आणि त्यापुढे लहान का होईना, रक्कम लिहा. हिशेब चोख मागा, नैतिक समितीची मंजुरी मागा आणि वर्षाअखेरीस काय सापडले ते लोकांसमोर मांडायला सांगा. आपल्या माग चालवणाऱ्या भावाच्या छातीत शनिवारी काय होते, हे विचारायला त्यातला पहिला रुपया कामी यावा.