घरगुती हवामान केंद्र: पुसायचे काय, राखायचे काय

घरगुती हवामान केंद्राचे दोन भाग असतात. एक बाहेर, गच्चीवर किंवा अंगणातल्या खांबावर. त्यात तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस आणि काही केंद्रांत ऊन मोजणारे संवेदक असतात. दुसरा घरात, त्याला कन्सोल म्हणतात. हवेचा दाब कन्सोलच मोजतो, कारण दाब घरात आणि बाहेर सारखाच असतो. बाहेरचा भाग ठरावीक सेकंदांनी रेडिओवरून आकडे पाठवतो. कन्सोल ते पडद्यावर दाखवतो आणि घरच्या वाय-फायमधून कंपनीच्या सर्व्हरकडे रवाना करतो. तिथून ते मालकाच्या मोबाइलवर येतात, आणि केंद्र बसवण्याच्या गडबडीत मालकाने ‘हो’ म्हटले असेल तर सार्वजनिक नकाशावरही जातात.

म्हणजे माहिती तीन ठिकाणी साठते: बाहेरच्या संवेदकात, कन्सोलमध्ये आणि दूरच्या सर्व्हरवर. ‘रीसेट’ असे लिहिलेले बटण मात्र बहुधा एकच असते आणि ते फक्त कन्सोलवर चालते. त्यामुळे घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. पावसाची नोंद राखायची असते, ती या बटणाने जाते; वाय-फायचा पासवर्ड, घराचे स्थान आणि खाते पुसायचे असते, ते मागे राहते.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तहसिलीतील गोसीखुर्दसारख्या गावात अशा केंद्राचा उपयोग काय, हे काय राखायचे ते ठरवण्याआधी पाहावे लागते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचे अधिकृत नाव इंदिरा सागर. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले आणि पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगाकाठ पाण्याखाली गेला. ते पाणी प्रामुख्याने मध्य प्रदेशातले होते. सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून झालेला विसर्गही त्यात होता. अंगणातल्या पर्जन्यमापकाला यातले काहीच कळत नाही. पुराच्या सूचनेसाठी हे यंत्र घेणाऱ्याचे पैसे वाया गेले असेच समजावे.

त्याचा खरा उपयोग आपल्याच बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरावर, किती पाऊस पडला हे कळण्यापुरता. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाखाली २०१७ पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. स्कायमेट ही खासगी कंपनी त्यात भागीदार आहे. राज्यभर अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. पण एका मंडळात कितीतरी गावे येतात, आणि श्रावणातली सर एका गावाला झोडपून शेजारच्या गावाला कोरडे ठेवते. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला तर शासन तिथे अतिवृष्टी मानते. नुकसानीच्या मदतीचा हिशेब सरकारी नोंदीवर चालतो, घरच्या आकड्यावर नाही. तरीही धानाची रोवणी कधी काढायची, बांधीतले पाणी कधी सोडायचे, हे ठरवताना शेतकऱ्याला घरचा आकडाच जवळचा असतो.

हा आकडा सरकारी आकड्याशी ताडून पाहायला गेले की पहिला ‘रीसेट’ भेटतो, आणि तो कुणी दाबलेला नसतो. कन्सोलवरचा ‘आजचा पाऊस’ मध्यरात्री आपोआप शून्यावर येतो. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस मात्र सकाळी साडेआठला संपतो. जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि हवामानाच्या निरीक्षणासाठी जगभर ठरलेल्या वेळांपैकी ही एक आहे. समजा, ३० तारखेला रात्री दहा ते मध्यरात्रीपर्यंत ४० मिलिमीटर आणि त्यानंतर पहाटे चारपर्यंत ५० मिलिमीटर पाऊस झाला. कन्सोल ३० तारखेपुढे ४० आणि ३१ तारखेपुढे ५० दाखवतो. अतिवृष्टी कुठल्याच दिवशी नाही. सरकारी पद्धतीत तोच पाऊस ३१ तारखेच्या सकाळी एकत्र, ९० मिलिमीटर असा नोंदला जातो. दोन्ही यंत्रे बरोबर असतात. काही कन्सोलमध्ये दिवस बदलण्याची वेळ सेटिंगमधून हलवता येते, पण ती पूर्ण तासांतच. साडेआठ हा पर्याय दिसत नाही. यंत्र बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर साडेपाच तासांच्या फरकाचा देश नव्हता, हे अशा ठिकाणी उघड होते.

बाहेरच्या संवेदकाचे रीसेट याहून वेगळे. पाऊस मोजायला नरसाळ्याखाली झुलती दोन खणांची डोली असते. एक खण भरला की डोली कलते, पाणी सांडते आणि एक टिचकी मोजली जाते, साधारण ०.२ मिलिमीटर पावसाला एक टिचकी. संवेदक दर वेळी आजवरच्या एकूण टिचक्या पाठवत राहतो आणि त्यातून मागचा आकडा वजा करून पाऊस काढण्याचे काम कन्सोल करतो. ही रचना चांगली आहे, कारण मधले दोन-चार संदेश हुकले तरी पाऊस हुकत नाही. अडचण येते ती सेल बदलताना. सेल काढले की अनेक स्वस्त संवेदकांची मोजणी शून्यावर जाते, शिवाय संवेदक स्वतःचा ओळख-क्रमांकही बदलतो. मग कन्सोल एक तर त्याला ओळखत नाही, नाही तर मोठ्या आकड्यावरून अचानक शून्यावर आलेली मोजणी पाहून भलताच पाऊस दाखवतो. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला तर मोजणी नव्याने सुरू झाली असे धरावे, ही एक अट प्रणालीत घातली की प्रश्न सुटतो. तेवढेही प्रत्येक उत्पादक करत नाही.

साफसफाईचाही फटका बसतो. पावसाळ्यात नरसाळ्यात पालापाचोळा अडकतो, डोलीत कोळी जाळे करतो, म्हणून ते धुवावेच लागते. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर अर्धा लिटर पाणी ओतल्यावर यंत्र २५ मिलिमीटर पाऊस नोंदवते. निरभ्र आकाशाखाली पडलेला हा पाऊस सर्व्हरवर जातो आणि महिन्याच्या बेरजेत बसतो. तो काढायला कन्सोलवर ‘पाऊस पुसा’ असा पर्याय असतो खरा, पण काही यंत्रांत तो त्या दिवसापुरता न चालता वर्षभराची बेरीजच शून्य करून टाकतो. चुकलेली एकच नोंद वगळण्याची सोय हवी असते, आणि ती दुर्मीळ आहे.

आता कन्सोलमागचे बटण. एकदा दाबले की यंत्र बंद होऊन चालू होते. पाच-सहा सेकंद दाबून धरले की कारखान्यातून निघाले तसे कोरे होते. दोन्ही कामे एकाच बटणावर, फरक फक्त दाबण्याच्या काळाचा. लाइन गेली, परत आली, राउटर उशिरा सुरू झाला आणि कन्सोलला नेट सापडेना, की वैतागलेला माणूस बटण दाबून धरणारच. त्यात वाय-फायची जुळणी जाते, संवेदकाशी जोडणी जाते, दाबाची समुद्रसपाटीनुसार केलेली दुरुस्ती जाते आणि कन्सोलच्या स्मृतीतली नोंदही जाते. घड्याळ कुठल्यातरी जुन्या १ जानेवारीवर येते, आणि नेटवरून वेळ मिळेपर्यंत नोंदी त्याच तारखेच्या नावावर पडतात. खरे तर पुन्हा सुरू करणे, संवेदक नव्याने जोडणे, वाय-फाय विसरणे, बेरीज शून्य करणे आणि यंत्र दुसऱ्याला देण्यासाठी सगळे पुसणे ही पाच निराळी कामे आहेत. यातले शेवटचे सोडून कशालाही पावसाच्या जुन्या नोंदीला हात लावण्याचे कारण नाही.

आणि सगळे पुसले असे यंत्र सांगते तेव्हाही सगळे पुसलेले नसते. अशा उपकरणांतली फ्लॅश स्मृती ठरावीक वेळाच पुसता येते, त्यानंतर तिचे कप्पे झिजतात. झीज वाटून घेण्यासाठी नवी माहिती नव्या कप्प्यात लिहिली जाते आणि जुन्यावर फक्त ‘रद्द’ अशी खूण होते. मजकूर तिथेच पडून राहतो. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरलेले ८६ इको डॉट स्पीकर विकत घेऊन तपासले. २०२१ मध्ये त्यांनी मांडले की ६१ टक्के स्पीकर आधीच्या मालकांनी रीसेटच केले नव्हते, आणि केलेल्यांतूनही वाय-फायच्या पासवर्डसारखी माहिती परत मिळवता येत होती. स्पीकर आणि हवामान केंद्र ही वेगळी यंत्रे असली तरी स्मृतीचा प्रकार तोच. यावरचा उपाय तंत्रज्ञांना चांगला ठाऊक आहे: सारी माहिती एका किल्लीने कूटबद्ध ठेवायची आणि रीसेट करताना ती किल्लीच नष्ट करायची. मग कप्प्यांत उरलेला मजकूर कुणालाच वाचता येत नाही.

बाहेरच्या हवेचे तापमान कुणाचे खासगी नसते, मग एवढी काळजी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. पण कन्सोल घरातली हवाही मोजतो. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा घरोघरी कूलर चालतो. तो सुरू होताच खोलीतली आर्द्रता झपाट्याने चढते आणि तापमान उतरते, बंद होताच उलटे होते. हा आलेख पाहणाऱ्याला घरचे लोक दुपारी कधी आले, रात्री कधी निजले आणि कोणत्या आठवड्यात घराला कुलूप होते, हे सांगावे लागत नाही. नेटाटमोसारखी काही केंद्रे खोलीतला कार्बन डायऑक्साइड आणि आवाजही मोजतात. मोकळ्या हवेत या वायूचे प्रमाण दशलक्षात साधारण ४२० असते. बंद खोलीत माणसे झोपली की ते हजाराच्या वर सहज जाते.

नेटाटमोच्याच केंद्राबाबत फेब्रुवारी २०१५ मध्ये एक गोष्ट उघड झाली. सॅन्स संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरचे योहानेस उलरिच यांना आढळले की केंद्र पहिल्यांदा जोडताना स्मृतीतील मजकूर, घरच्या वाय-फायच्या नावासकट आणि पासवर्डसकट, कूटबद्ध न करता कंपनीच्या सर्व्हरकडे जात होता. चाचणीसाठी लिहिलेला भाग विक्रीच्या यंत्रात राहून गेला होता. कंपनीने नंतर प्रणाली दुरुस्त केली. या चुकीत मालकाने कुठलेही बटण दाबले असते तरी फरक पडला नसता, कारण पासवर्ड तोवर घराबाहेर गेलेला होता.

रेडिओचा टप्पाही उघडाच असतो. ४३३ मेगाहर्ट्झवर बोलणारे बरेच संवेदक आकडे कूटबद्ध करत नाहीत. संगणकाला जोडायचा स्वस्त रिसीव्हर आणि फुकट मिळणारी प्रणाली घेऊन शेजारी ते वाचू शकतो. अर्थात गावात शेजारघरी कोण आहे हे कळायला रेडिओ लागत नाही. धोका मोठा आहे तो दूरच्या सर्व्हरवरच्या, वर्षानुवर्षे साठणाऱ्या नोंदीचा.

तो सर्व्हर आज ज्याचा आहे त्याचाच उद्या असेल असेही नाही. हौशी हवामान केंद्रांचे मोठे जाळे चालवणारे वेदर अंडरग्राउंड १९९५ मध्ये मिशिगन विद्यापीठातून निघाले. २०१२ मध्ये ते वेदर चॅनलच्या मालकांकडे गेले, २०१६ मध्ये आयबीएमकडे आणि २०२४ मध्ये फ्रान्सिस्को पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीकडे. घरोघरच्या लोकांनी हौसेने दिलेली नोंद प्रत्येक वेळी सोबत गेली. वेदर अंडरग्राउंडकडे केंद्राचे आकडे पाठवण्याच्या जुन्या पद्धतीत केंद्राचा पासवर्ड वेबपत्त्याच्या ओळीतच लिहिलेला असतो, आणि घरातले तापमान व आर्द्रता पाठवायलाही त्यात जागा आहे. कन्सोलच्या सेटिंगमध्ये घरातले आकडे पाठवणे बंद करता येत असेल तर ते पहिल्याच दिवशी करावे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. संमती मागे घेण्याचा आणि आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क या कायद्यात आहे. भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही तो लागू होतो. पण त्यात एक मेख आहे: व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेली वैयक्तिक माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. सार्वजनिक नकाशावर घराचे नेमके ठिकाण टाकणाऱ्याने ते आधी लक्षात घ्यावे.

नकाशासाठी अक्षांश-रेखांश भरताना किती दशांश द्यायचे हे मालकाच्या हातात असते. गोसीखुर्द धरणाचा परिसर २०.८७ उत्तर, ७९.६२ पूर्व असा दोन दशांशांत लिहिला तर उत्तर-दक्षिण नेमकेपणा सुमारे एक किलोमीटरचा राहतो; गाव कळते, घर कळत नाही. चार दशांशांत तो अकरा मीटरवर येतो आणि अंगण सापडते. पावसाच्या अभ्यासाला दोन दशांश पुरतात. मोबाइलचे ॲप मात्र जीपीएसवरून पाच-सहा दशांश आपणच भरून टाकते, ते हाताने कमी करावे लागतात.

केंद्र विकायचे किंवा कुणाला द्यायचे असेल तर क्रमाला महत्त्व आहे. आधी सर्व्हरवरची पावसाची नोंद फाइल करून उतरवून घ्यावी, कारण खाते बंद झाल्यावर ती मिळत नाही. मग ॲपमधून यंत्र आपल्या खात्यातून काढावे. ते राहिले तर नव्या मालकाच्या घरातले आकडे जुन्याच्या मोबाइलवर येत राहू शकतात. सार्वजनिक नकाशावरचे केंद्र वेगळे काढावे लागते. यानंतर कन्सोलचे बटण दाबून धरावे आणि शेवटी घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलावा, म्हणजे चिपमध्ये जुना उरला असला तरी निरुपयोगी ठरतो. बाहेरच्या संवेदकात ओळख-क्रमांक आणि टिचक्यांची मोजणी यापलीकडे काही नसते. त्याचे सेल काढून ठेवले की पुरे.