चिप कातडीखाली, नोंद कुणाकडे?

नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजार रुपयांची नवी नोट आली, तेव्हाची एक अफवा अनेकांना आठवत असेल. नोटेत म्हणे एक सूक्ष्म चिप बसवली आहे. नोट जमिनीखाली १२० मीटर खोल पुरली तरी ती कुठे आहे हे उपग्रहाला कळते! शिक्षकांच्या खोल्यांतूनही त्यावर चर्चा रंगल्या. २०२१ मध्ये हीच चिप, अफवेतच, लशीच्या सुईतून लोकांच्या दंडात शिरली. दोन हजारांची नोट २०२३ मध्ये मागे घेतली गेली, पण चिप काही लोकांच्या मनातून गेलेली नाही. वर्गात आजही कुणीतरी विचारतेच : माणसाच्या शरीरात खरेच चिप बसवतात का? आणि बसवली तर तो कुठे जातो-येतो ते कळते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे आहे. पण एवढेच सांगून थांबलो, तर मुलांची अर्धीच समजूत घातल्यासारखे होईल.

आधी उपग्रहाचे पाहू. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत संदेश पाठवत असतात. आपल्या हातातले यंत्र ते संदेश ऐकते आणि ते पोचायला लागलेल्या वेळावरून स्वतःचे स्थान काढते. उपग्रह फक्त बोलतो, ऐकत नाही. आपल्या घरात रेडिओ चालू आहे की बंद, हे आकाशवाणी केंद्राला कळत नाही, तसेच हे. यंत्राने काढलेले स्थान दुसऱ्या कुणाला कळायचे, तर ते यंत्राने पुन्हा कुठल्या तरी मार्गाने पाठवावे लागते. त्याला ऊर्जा लागते, म्हणजे बॅटरी हवी.

माणसांत किंवा पाळीव कुत्र्यांत बसवतात त्या साध्या चिपमध्ये बॅटरीच नसते. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, सुमारे १२ मिलिमीटर लांबीची ती काचेची कुपी असते. आत तारेचे बारीक वेटोळे, एक संधारित्र आणि एक सूक्ष्म मंडल. त्या मंडलात साठवलेला असतो फक्त एक क्रमांक. एरवी ती कुपी निर्जीव असते. वाचकयंत्र जवळ आणले की त्याच्या वेटोळ्यातील प्रत्यावर्ती प्रवाहामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्यामुळे कुपीतील तारेत विद्युतप्रवाह वाहू लागतो आणि चिप जागी होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले तेच हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन, आपण दरवर्षी शिकवतो ते.

मग बॅटरीशिवाय ती उत्तर कसे देते? ज्यांनी डायनॅमोची सायकल चालवली आहे त्यांना हे चटकन कळेल. दिवा लागला की पॅडल जड होते. दिव्याकडे न पाहताही तो लागल्याचे पायांना समजते. चिप स्वतः घेत असलेला प्रवाह ठरावीक क्रमाने कमी-जास्त करते आणि हा ‘जडपणा’ वाचकयंत्राच्या वेटोळ्याला जाणवतो. त्या क्रमातून चिपचा क्रमांक वाचला जातो. मात्र असे चुंबकीय क्षेत्र वेटोळ्यापासून थोडे दूर गेले की झपाट्याने ओसरते. अंतर दुप्पट झाले की ते एक-अष्टमांश उरते. दहापट झाले की एक-हजारांश. म्हणून वाचकयंत्र अगदी कातडीजवळ, काही सेंटिमीटरवर आणावे लागते. २०,००० किलोमीटरचा प्रश्नच येत नाही.

असे प्रयोग माणसांवर झाले आहेत. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील प्राध्यापक केव्हिन वॉरविक यांनी २४ ऑगस्ट १९९८ रोजी आपल्या दंडात चिप बसवून घेतली. ते आले की विभागाचे दार उघडे, दिवे लागत. नऊ दिवसांनी त्यांनी ती काढून टाकली. २००४ मध्ये अमेरिकेत रुग्णाची ओळख पटवण्यासाठी सोळा आकडी क्रमांकाची चिप वापरायला परवानगी मिळाली. दोनच वर्षांत एका अभियंत्याने तिची नक्कल करून दाखवली आणि २०१० मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्याच देशातील विस्कॉन्सिन राज्याने २००६ मध्ये कायदाच केला, की कुणावरही चिप बसवून घेण्याची सक्ती करता येणार नाही. पुढे २०१७ मध्ये त्याच राज्यातील एका कंपनीच्या चाळीसेक कर्मचाऱ्यांनी मात्र आपखुशीने हातात चिप घेतली. कशासाठी, तर दार उघडायला आणि यंत्रातून खाऊ घ्यायला!

वॉरविक यांच्या दाराकडे पुन्हा पाहू. ते कुठे आहेत हे चिपला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते दाराशी बसवलेल्या वाचकयंत्राला आणि त्यामागच्या संगणकाला : अमुक क्रमांक, अमुक दार, अमुक वेळ. माग निघतो तो या नोंदीतून. चिप कातडीखाली असो, गळ्यातल्या कार्डात असो की मोटारीच्या काचेवर, नोंदीला त्याने काही फरक पडत नाही. २०२१ पासून महामार्गांच्या पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. त्या पट्टीतही बॅटरी नसलेली चिपच आहे, फक्त ती वेगळ्या, उच्च वारंवारतेच्या लहरी वापरते म्हणून काही मीटरवरून वाचता येते. गाडी खालापूरला किती वाजता आणि तळेगावला किती वाजता होती, याची नोंद आपोआप होते.

आपल्याला, म्हणजे शाळेत काम करणाऱ्यांना, अधिक जवळचे उदाहरण टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहराचे आहे. तिथे सरकारी अनुदान दररोजच्या हजेरीवर ठरते. मूल आवारात असले, पण हजेरीच्या वेळी वर्गात नसले, तर गैरहजर धरले जाई आणि तेवढे पैसे बुडत. म्हणून २०१२ मध्ये नॉर्थसाइड शाळा जिल्ह्याने दोन शाळांतील सुमारे ४,२०० विद्यार्थ्यांना चिप असलेली ओळखपत्रे दिली. यांत बॅटरीही होती, त्यामुळे इमारतीत मूल कुठे आहे ते दुरूनच समजे. एका विद्यार्थिनीने कार्ड घालायला नकार दिला. चिप काढलेले कार्ड घाल, असे शाळेने सुचवले. तेही तिला मान्य नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१३ मध्ये निकाल शाळेच्या बाजूने लागला. तरीही जुलैमध्ये शाळेने ही योजना गुंडाळली, कारण अपेक्षेइतकी हजेरी काही वाढली नाही.

आम्हाला यात खटकते ते हे : हजेरीसाठी हवे होते एवढेच, की मूल आले की नाही. कार्ड मात्र दिवसभर, न विचारता, बोलत राहिले. आपल्याकडेही शहरांतील काही शाळांत चिपची ओळखपत्रे आली आहेत. त्यांतली बहुतेक दाराशी टेकवायची, म्हणजे गरीब जातीची असतात. तरी ती नोंद कुठे साठते, किती दिवस राहते आणि कोण पाहू शकते, हे मुख्याध्यापकांनी पुरवठादाराला आधी विचारायला हवे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी (वॉरविक यांच्या चिपला त्या दिवशी बरोबर एकोणीस वर्षे झाली होती, हा निव्वळ योगायोग) सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मुलांनाही तो आहेच.

‘पण नोंदीत नाव नसते, नुसता क्रमांक असतो,’ असे यावर नेहमी सांगितले जाते. २०१३ मध्ये संशोधकांनी एका युरोपीय देशातील १५ लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नावे काढलेलीच होती. मोबाइल कोणत्या वेळी कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत होता, एवढेच ठाऊक. तरी फक्त चार स्थळ-काळ माहीत असले, तर शंभरातील पंचाण्णव माणसे इतर सर्वांपासून वेगळी काढता आली.

हे वर्गात करून पाहता येते. प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर लिहावे : गेल्या रविवारी सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री नऊ वाजता मी कुठे होतो. ज्याला लिहायचे नसेल त्याने लिहू नये. चिठ्ठ्या मिसळून एक उचला. सगळ्यांना उभे करा आणि पहिली ओळ वाचा : ‘आठ वाजता, पिठाची गिरणी’. त्या वेळी तिथे नव्हते त्यांनी बसायचे. मग दुसरी ओळ, मग तिसरी. ‘घरी’ असे आले तर जवळपास सगळेच उभे राहतात आणि वर्ग हसतो. पण आमच्या अनुभवात तिसऱ्या किंवा चौथ्या ओळीला बहुधा एकच जण उरतो, आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

खेळ संपला की चिठ्ठ्या सर्वांसमोर फाडून टाका. नाही फाडल्या, तर ‘सर, आमच्या चिठ्ठ्यांचे काय करणार?’ असे कुणीतरी विचारेलच.