अ‍ॅटॅकनंतरचं घर

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनमध्ये कुणाच्या छातीत कळ आली की पुढची वाट आता घरोघरी माहीत असते. आधी मालेगाव, मग वाशीम, तिथून अकोला. जमलं तर नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. ईसीजीची पट्टी काढली, ब्लॉकेज निघालं, स्प्रिंग म्हणजे स्टेंट टाकली, की काही दिवसांत माणूस घरी. ही वाट तयार व्हायला पंचवीसेक वर्षं लागली आणि तिच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. घरी परतल्यानंतरच्या वर्षाविषयी मात्र फारसं कुणी बोलत नाही. ते वर्ष घरातल्यांच्या अंगावर पडतं. त्यांनी ते कसं निभावलं आणि त्यांच्या हाती आपण काय दिलं, हे मागे वळून पाहायला हवं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अ‍ॅटॅकवर मुख्य उपाय म्हणजे अंथरूण. सहा-सहा आठवडे रुग्णाला हलूही देत नसत. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी ८१ रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच आरामखुर्चीत बसवलं आणि त्यातून काही वाईट घडलं नाही, हे लिहून ठेवलं. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना अ‍ॅटॅक आला. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडणूक लढले आणि जिंकलेही. अ‍ॅटॅक आलेला माणूस कामाला लागू शकतो, हे साऱ्या जगाने पाहिलं. पुढे चालणं, व्यायाम, आहार आणि समुपदेशन यांचं मिळून हृदय पुनर्वसनाचं शास्त्र उभं राहिलं.

आपल्याकडे आधी उपचाराच्या खर्चाचा डोंगर होता. राज्याची जीवनदायी योजना १९९७ ची. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये आपल्यापर्यंत पोहोचली. २०१४ मध्ये १०८ ची गाडी आली, २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली. हजारो घरांचं वावर विकायचं वाचलं, हे मी कृतज्ञतेने लिहितो. पण राजीव गांधी योजनेत दवाखान्यातून सुटल्यावरची देखभाल होती १० दिवसांची. अकराव्या दिवसापासून सगळं घरच्यांवर.

आणि घर काय करतं? घर घाबरतं. ते घाबरणं प्रेमातूनच येतं. माणूस उठून पाण्याचा तांब्या घ्यायला गेला की बायको धावत येते, ‘कायले उठता तुमी? मी देतो ना!’ पोरगं मोटारसायकलची चावी लपवतं. सुनेला बजावलं जातं की बाबांसमोर पैशाचं, कर्जाचं काही बोलू नको. सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि ज्याने चाळीस वर्षं ते वावर राखलं, त्याला बाजेवर बसवून ठेवतात. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, हळूहळू चालणं वाढवा. घर ऐकतं, जपा. काही आठवड्यांत तो माणूस एकच वाक्य बोलू लागतो, ‘आता मी कायच्याच कामाचा नाही राह्यलो.’ त्याच्या हृदयाच्या नळ्या उघडलेल्या असतात, पण त्याला दुबळं ठरवून टाकलेलं असतं.

या भीतीवर १९८५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये एक छोटासा अभ्यास झाला. सगळ्या मोठ्या चाचण्यांपेक्षा मला तोच जवळचा वाटतो. अ‍ॅटॅक येऊन साधारण तीन आठवडे झालेल्या पुरुषांची ट्रेडमिलवर चाचणी घेतली. दहा जणांच्या बायका बाहेर थांबल्या. दहा जणींनी नवऱ्याला चालताना पाहिलं. उरलेल्या दहा जणी पाहून झाल्यावर स्वतः त्याच पट्ट्यावर, नवऱ्याने गाठलेल्या वेगात आणि चढावर तीन मिनिटं चालल्या. नवऱ्याच्या हृदयावरचा विश्वास लक्षणीय वाढला तो या शेवटच्या दहा जणींचा. ज्यांनी नुसतं पाहिलं, त्यांची धास्ती कायम होती. एवढा जोर लागतो आणि तो त्याने सोसला, हे चाललेल्या बायकांच्या पायांना कळलं होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा या अभ्यासात होते. यासाठी खर्च काय आला असेल? प्रत्येकीची तीन मिनिटं.

शिरपुरात ट्रेडमिल नको. पार्श्वनाथाच्या देवळापर्यंत किंवा जानगीर महाराजांच्या संस्थानापर्यंत दोघांनी मिळून जावं. गावात बिनकामाचं फिरायला निघालं की लोक विचारतात, दर्शनाला निघालं की कुणी विचारत नाही. बायको बरोबर चालली की तिलाही त्याचा दम किती टिकतो ते दिसतं. आणखी एक गोष्ट घरात बोलली जात नाही, दवाखान्यातही विचारली जात नाही: अ‍ॅटॅकनंतर नवरा-बायकोची अंथरुणं वेगळी होतात आणि कित्येकदा कायमची वेगळी राहतात. दम न लागता दोन मजले चढता येत असतील तर सहसा जवळीक करायला हरकत नसते, हे साधं वाक्य डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं तर किती घरांतला अबोला संपेल.

मनाचा आणि हृदयाचा संबंध आजी-आजोबा सांगतच होते. मोजमाप उशिरा आलं. मॉन्ट्रियलच्या नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी अ‍ॅटॅक आलेल्या २२२ रुग्णांना त्यांच्या मनःस्थितीविषयी विचारलं, आणि १९९३ मध्ये दाखवून दिलं की नैराश्याने ग्रासलेल्यांचा सहा महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या चौपटीहून अधिक होता. मग नैराश्यावर उपचार केला तर माणसं वाचतील? २००३ मध्ये २,४८१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले: समुपदेशनाने मन सावरलं, एकटेपणही कमी झालं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. काहींनी यातून समुपदेशन व्यर्थ आहे असा अर्थ काढला. मला तो पटत नाही. उरलेली वर्षं माणूस अंधारात काढतो की उजेडात, हाही वैद्यकाचाच प्रश्न आहे.

विदर्भाला मनाचं आणि हृदयाचं हे नातं आधी कळलं ते गडचिरोलीतून. डॉ. अभय बंग नव्वदच्या दशकात स्वतः हृदयविकाराला सामोरे गेले आणि ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं. अमेरिकेच्या डीन ऑर्निश यांनी १९९० मध्ये आहार, चालणं, ध्यान आणि एकमेकांशी मोकळं बोलणारे गट यांचा एकत्र प्रयोग मांडला होता. मराठी वाचकाला तो या पुस्तकाने ओळखीचा करून दिला. नंतर भारतातल्या २४ रुग्णालयांमध्ये ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत पुढचे अ‍ॅटॅक वा मृत्यू कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही, पण रुग्णांचं जगणं सुधारलं आणि पूर्वीच्या कामांकडे परतणं सोपं झालं. वावरात परतायचं असलेल्या माणसाला हे थोडकं नाही.

वाशीमकडे यातला अनुभव आधीच आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी २०१० मध्ये राज्यातले पहिले जिल्हे निवडले ते वर्धा आणि वाशीम. आणि २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला, त्यातही वाशीम होता. आशाताई घरोघरी गेल्या, झोप लागते का, जगावंसं वाटतं का, असं विचारू लागल्या. हे दोन कार्यक्रम एकाच उंबऱ्यावर येतात. एक रक्तदाब मोजतो, दुसरा मनाचं विचारतो. अ‍ॅटॅक आलेल्या माणसाच्या घरी ते दोघं एकत्र यायला हवे होते.

बाईला अ‍ॅटॅक आला तर चित्र पार पालटतं. तिला कुणी बाजेवर बसवून ठेवत नाही. स्प्रिंग टाकून आलेली माय पंधरा दिवसांत चुलीपुढे आणि पाण्याच्या हंड्यापाशी दिसते. तिच्या गोळ्या तिच्या आधी कुणाला आठवत नाहीत, तिच्याबरोबर फिरायला कुणी निघत नाही. पुरुषाला घर जपून जपून दुबळं करतं आणि बाईला जपायचं विसरतंच. कुटुंबाच्या आधाराची स्तुती मी अनेक व्याख्यानांत ऐकली आहे, पण तो आधार कुणाला मिळतो हे तिथे सहसा विचारलं जात नाही.

२०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथले शिकाऊ डॉक्टर उद्या शिरपूर-मालेगावच्या रुग्णांना घरी सोडतील. सुटीचा कागद देताना त्यांनी रुग्णाच्या माणसालाही आत बोलवावं आणि दोघांना दवाखान्याच्या जिन्यावरून एकदा चढवून-उतरवून घ्यावं. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणी अर्ज भरतात, त्याच्या सुधारित नमुन्यात मनाविषयीचे दोन प्रश्न आता छापलेलेच आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, उदास वाटलं का. अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या घरी ते दर महिन्याला विचारावेत. आधी त्याला, आणि मग तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला की तिलाही.