पानशेत ते पुणे : सहा तासांचे नियोजन

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे बांधकाम पूर्ण न झालेले मातीचे धरण फुटले आणि त्याच दिवशी दुपारी त्याच्या खालच्या अंगाला मुठा नदीवर असलेले खडकवासल्याचे दगडी धरणही कोसळले. पुण्याच्या स्मृतीत या दोन्ही घटना ‘पानशेतचा पूर’ या एकाच नावाने नोंदल्या गेल्या असल्या, तरी आपत्ती-नियोजनाच्या अभ्यासकाने त्या वेगळ्या धरायला हव्यात; कारण त्यांच्या दरम्यान जे सुमारे सहा तास गेले, त्या अवधीत एका धरणाचे काय झाले हे काहींना ठाऊक होते आणि दुसऱ्याचे काय होणार याचा अंदाज बांधता येत होता. मदतकार्य, पुनर्वसन आणि चौकशी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या सहा तासांकडे मात्र प्रशासनाच्या दृष्टीने, म्हणजे ‘कोणाला काय कळले आणि ते पुढे सांगण्याचा अधिकार कोणाला होता’ या प्रश्नाच्या अंगाने, क्वचितच पाहिले गेले.

खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, पुणे शहर व लष्करी छावणीला पाणी पुरवण्यासाठी आणि कालव्यांवाटे शेतीला पाणी देण्यासाठी बांधले गेले. ज्या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून ते साकारले, त्या फाइफ यांचे नाव जलाशयाला देण्यात आले होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराची गरज त्या साठ्याला पेलेनाशी झाली आणि मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेत येथे मोठे धरण बांधण्याचे काम १९५७ साली सुरू झाले. मातीच्या धरणात पाण्याचा भार भरावाच्या वजनाने पेलला जातो. त्यामुळे भराव पाण्याखाली जाऊ न देणे, म्हणजेच पाणी माथ्यावरून वाहू न देणे, ही त्याच्या सुरक्षिततेची पहिली अट असते. दगडी धरण माथ्यावरून जाणारे पाणी काही काळ सहन करते, मातीचे करीत नाही. १९६१ च्या पावसाळ्यात भराव पूर्ण झालेला नसताना आणि पाणी सोडण्याच्या बोगद्यासारख्या मार्गाची दारे पूर्णपणे कार्यान्वित झालेली नसताना जलाशयात पाणी साठू लागले. अर्धवट उघड्या दारातून जोराने वाहणाऱ्या पाण्याने त्या मार्गाला हादरे बसले, त्याच्या वरची माती खचली आणि धरणाचा माथा तेवढ्या भागात खाली बसू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून खचलेला माथा उंचावण्याचा प्रयत्न करीत होते. पाण्याची पातळी पोत्यांपेक्षा वेगाने चढत होती.

या तपशिलातून जे निष्पन्न होते, ते तांत्रिक चुकीपेक्षा अधिक गंभीर आहे. ज्या रात्री धरणावर पोती रचली जात होती, त्या रात्री धरण वाचेल याची खात्री तेथे कोणालाच देता आली नसती. म्हणजेच नदीकाठच्या वस्त्या रिकाम्या करण्याइतकी शंका उपलब्ध होती. पण शंकेच्या आधारे शहर हलवण्याचा अधिकार कोणत्याही एका अधिकाऱ्याकडे स्पष्टपणे दिलेला नव्हता आणि खोटा इशारा दिल्याचा ठपका येण्याची भीती प्रत्येक टप्प्यावर होती. सकाळी पानशेत फुटल्यावर पाण्याचा लोंढा खडकवासल्याच्या जलाशयात शिरला, तेथे काही तास अडला आणि धरणाच्या माथ्यावरून कित्येक फूट उंचीने वाहू लागला. त्या जुन्या दगडी भिंतीने दिलेली ही सवलत, आणि पूर दिवसाउजेडी आला ही गोष्ट, या दोन्हींनी अनेकांचे प्राण वाचवले असे म्हणावे लागते. नारायण, शनिवार व कसबा पेठांचा नदीलगतचा भाग, डेक्कन जिमखान्याची बाजू आणि लकडी पुलाचा परिसर दुपारपर्यंत पाण्याखाली गेला. मृतांच्या संख्येविषयी आजही एकवाक्यता नाही. लोकांच्या बोलण्यात हजाराचा आकडा येतो, सरकारी नोंदी त्याहून बऱ्याच कमी संख्या सांगतात. आणि सुमारे सहा लाख वस्तीच्या शहरात पुरापूर्वी नदीकाठी कोण राहत होते याची यादीच नसल्यामुळे हा वाद निकाली काढण्याचे साधनही उरले नाही. आपत्तीपूर्व नोंदणी हा विषय नियोजनाच्या पुस्तकांत रुक्ष वाटतो, परंतु तिच्या अभावी मृतांची मोजदादही पोरकी होते.

पूर ओसरल्यावरचे संकट पाण्याच्या अभावाचे होते. खडकवासल्याचा साठा गेल्याने शहराचा नळपुरवठा बंद पडला आणि पुणेकरांना विहिरी व पेशवाईत कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या हौदांकडे पुन्हा वळावे लागले. आज आंतरराष्ट्रीय मदतकार्यात ज्याला ‘स्फिअर’ मानके म्हणतात, म्हणजे १९९७ पासून स्वयंसेवी संस्था व रेड क्रॉस चळवळीने मिळून घडवलेली किमान सेवांची मोजमापे, त्यांत दरडोई दरदिवशी किमान १५ लिटर पाणी आणि निवाऱ्यात दरडोई किमान साडेतीन चौरस मीटर जागा हे निकष सांगितलेले आहेत. १९६१ साली असा कोणताही कागद समोर नव्हता. भारतीय प्रशासनाजवळ संकटाचा जो लिखित वारसा होता, तो १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ-संहितांचा, आणि दुष्काळ महिनोन्महिने चालतो, पूर काही तासांत येतो. त्यामुळे मदतकेंद्रे आणि धान्यवाटप यांचा अनुभव कामी आला. इशाऱ्याच्या बाबतीत त्याचा उपयोग नव्हता.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने पुनर्वसनाची सूत्रे स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवली. बर्वे हे सनदी अधिकारी. १९५० साली पुणे महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले आयुक्त तेच होते, त्यामुळे शहराची नस त्यांना माहीत होती. एकाच अधिकाऱ्याच्या हाती निर्णयाची सूत्रे दिल्याने घाण उपसणे, पाणीपुरवठा पूर्ववत करणे आणि तात्पुरत्या निवाऱ्यांची उभारणी ही कामे झपाट्याने झाली. अर्धगोल पत्र्याच्या निसेन झोपड्या उभ्या राहिल्या, आणि गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर, पर्वती पायथ्याचा परिसर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती वाढल्या. या वसाहतींनी पुण्याचा नकाशा बदलला. किंबहुना पुण्याच्या पश्चिम व दक्षिण उपनगरांची वाढ पूरग्रस्तांच्या इतिहासाशिवाय सांगताच येत नाही. चौकशीचे काम प्रथम न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे होते; त्यांचे चौकशी पूर्ण होण्याआधीच निधन झाल्यावर न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने ती पुढे नेली. आयोग कारणे शोधतात आणि जबाबदारी ठरवतात. पण पुढच्या वेळी रात्री दोन वाजता कोणी कोणाला उठवायचे, हे आयोगाच्या अहवालातून आपोआप ठरत नाही.

पानशेत फुटण्याच्या दोन वर्षांहून कमी काळ आधी फ्रान्समध्ये २ डिसेंबर १९५९ च्या रात्री मालपासे धरण फुटून ४०० हून अधिक लोक मरण पावले होते. त्या देशाने नंतरच्या दशकात मोठ्या धरणांसाठी इशारा-योजना सक्तीच्या केल्या आणि ज्या भागात लोंढा पाऊण नव्हे तर पाव तासात पोचतो, तेथील भोंगा वाजवण्याची जबाबदारी थेट धरणचालकावर टाकली. सरकारी साखळीतून इशारा जाऊन परत येण्याइतका वेळ तेथे नसतो, हे त्यामागचे साधे गणित. महाराष्ट्रात संस्थात्मक आपत्ती-व्यवस्थापनाची पायाभरणी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर झाली. देशपातळीवर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे आणली, आणि धरणांबाबत स्वतंत्र कायदा २०२१ साली आला. या धरण सुरक्षा अधिनियमात प्रत्येक विनिर्दिष्ट धरणासाठी ‘आपत्कालीन कृती आराखडा’ सक्तीचा आहे. म्हणजे धरण फुटल्यास किंवा मोठा विसर्ग करावा लागल्यास कोणता भाग किती वेळात किती पाण्याखाली जाईल याचे नकाशे आणि कोणी कोणाला कळवायचे याची साखळी. जुन्या धरणांसाठी कायदा अमलात आल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. पानशेत फुटल्यापासून कायद्यापर्यंत साठ वर्षे गेली, आणि दरम्यान १९७९ साली गुजरातेत मोरबीवर मच्छू धरण आणि २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले होते. तिवऱ्यात गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या, हे त्या वेळी समोर आले. माहिती खालून वर जाते, तिचे उत्तर मात्र वरून खाली वेळेत येत नाही, हा नमुना पानशेतचाच.

पुन्हा उभारलेल्या खडकवासला धरणाची आजची अडचण त्याच्या आकारातच आहे. वरची तीन धरणे, म्हणजे पानशेत, वरसगाव आणि टेमघर, मिळून सुमारे २७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरतात. खडकवासला जेमतेम १.९७ टीएमसी. वरून येणारे सारे पाणी या लहानशा जलाशयातून जाते, त्यामुळे पाऊस जोराचा असला की थांबून पाहण्याची मुभा तेथे फार थोडी असते आणि विसर्ग, म्हणजे दारांतून सोडलेला प्रवाह, काही तासांत कित्येक पटींनी वाढवावा लागतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे असेच झाले. प्रतिसेकंद ३५ हजार घनफुटांच्या वर विसर्ग गेला, सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, लष्कराला बोलवावे लागले आणि रहिवाशांनी तक्रार केली ती पाण्याच्या प्रमाणापेक्षा इशाऱ्याच्या वेळेविषयी. विसर्गाचा आकडा समाजमाध्यमांवर आणि कार्यालयीन संदेशांत तासागणिक फिरतो खरा. पण तो घनफुटांत असतो, आणि आपल्या इमारतीच्या जिन्याची कोणती पायरी बुडेल हे घनफुटांवरून कळत नाही. पूररेषाही येथे अपुरी पडते. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे सीमांकन करते, धरण फुटण्याचा लोंढा या दोन्हींच्या पलीकडचा असतो, आणि बांधकाम-परवानग्यांच्या चर्चेत त्या लोंढ्याचा नकाशा सहसा उल्लेखिला जात नाही. कात्रजच्या बाजूने वाहणाऱ्या आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री घातलेला हाहाकार तर कोणत्याही धरणाच्या विसर्गाशी संबंधित नव्हता; त्यामुळे सगळी दक्षता खडकवासल्याच्या दारांवर एकवटणेही धोक्याचेच.

आपत्कालीन आराखडा सहसा पाणी ओसरल्यापाशी संपतो. पुढचे काम महसूल, सहकार आणि नगरविकास या खात्यांच्या फायलींत जाते, आणि तेथील कालगणना वेगळी आहे. पानशेत पूरग्रस्तांच्या शंभराहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्थांना भाडेपट्ट्याने मिळालेल्या जमिनींच्या मालकी हक्काचा प्रश्न पूर येऊन अर्धशतक उलटले तरी शासनदरबारी चर्चेत होता. पुरात आपले घर गमावलेल्यांची नातवंडे त्या अर्जांवर सह्या करीत होती.