मुक्ताचा प्रश्न आणि आपली मुले

वसतिगृहात नव्याने दाखल झालेली काही मुले कित्येक महिने मोकळेपणाने बोलत नाहीत. काही क्षुल्लक कारणावरून संतापतात, तर काहींचे हात वंदनेच्या वेळीही जुळत नाहीत. अशा मुलांना आपण ‘हट्टी’ किंवा ‘अश्रद्ध’ ठरवून मोकळे होतो. इतिहास मात्र अधिक विचार करावयास लावतो.

मार्केट यार्डपासून फार दूर नसलेल्या गंज पेठेत महात्मा फुले यांचा वाडा आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. इमारतींच्या पायात माणसे पुरण्याच्या ज्या क्रौर्याविषयी तिने लिहिले, ते तिने पाहिलेले नव्हते. पेशवाई १८१८ मध्येच संपली होती. ते दुःख वडीलधाऱ्यांच्या आठवणींतून तिच्यापर्यंत आले होते. स्वतःच्या काळाविषयी तिने लिहिले की, उच्चवर्णीयांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी आपली मुले तक्रार करीत नाहीत. कारण उष्टे अन्न आणावयास त्याच घरी जावे लागते. भुकेपोटी गिळलेला हा राग नाहीसा होत नाही, तो मौन बनून राहतो.

मुक्ताचे मौन शाळेमुळे फुटले आणि तिने थेट देवालाच विचारले की, आमचा धर्म कोणता? एकाने भोगावे व इतरांनी पाहत राहावे, असा धर्म पृथ्वीवरून नष्ट व्हावा, असेही तिने लिहिले. हा नास्तिकपणा नव्हता. न्यायावरील तिची श्रद्धा शाबूत होती, म्हणूनच ती जाब विचारू शकली.

युरोपातही असे घडले. धर्मग्रंथांच्या अभ्यासात रमलेला एली विझेल हा ज्यू मुलगा १९४४ मध्ये पंधराव्या वर्षी ऑशविट्झच्या छळछावणीत नेला गेला. आई व धाकटी बहीण तेथेच मारली गेली. पुढे बुखेनवाल्डमध्ये वडील वारले, तेव्हा त्याला रडूही आले नाही. सुटकेनंतर सुमारे दहा वर्षे त्याने या अनुभवावर लिहिले नाही. ईश्वराशी त्याचे भांडण आयुष्यभर चालले; पण मानवजातीचा पक्ष त्याने सोडला नाही.

१९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांना भेटावयास निघालेल्या बालक भीमरावांना जातीमुळे गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. त्याच बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवले येथे धर्मत्यागाची घोषणा केली आणि तब्बल एकवीस वर्षांच्या विचारानंतर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे धम्म स्वीकारला. बालपणीच्या वेदनेचे त्यांनी सूडात नव्हे, तर समतेच्या शोधात रूपांतर केले.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना नम्र विनंती आहे. मूल गप्प असेल तर घाई करू नका. न रडणारे मूल निष्ठुर असते असे नाही. त्याने ‘बुद्ध तरी आमच्यासाठी काय करणार?’ असे विचारले, तर रागावू नका. केवळ परंपरा किंवा गुरू सांगतात म्हणून काही मानू नका, असे तथागतांनीच कालामांना सांगितले होते. त्या मुलाच्या हाती वही द्या, त्याने लिहिलेले वाचा आणि त्याच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्या. मुक्ताला तिच्या शिक्षकांनी एवढेच दिले होते.

जय भीम! नमो बुद्धाय!