प्लगपासून ड्रेन बोल्टपर्यंत

इंजिनाचे आटे नेमके कुठले गेलेत एवढं ऐकलं तरी जुना मेकॅनिक गाडी कुठल्या काळातली ते सांगतो. प्लगचे गेले असतील तर टू-स्ट्रोक, ड्रेन बोल्टचे गेले असतील तर फोर-स्ट्रोक. गेल्या पन्नासेक वर्षांत आपल्याकडच्या दुचाकी कशा बदलत गेल्या याची नोंद या खराब झालेल्या भोकांतही आहे. ती कुणी फारशी वाचलेली नाही, इतकंच.

त्याआधीचं बरंचसं काम बिडाचं होतं. विहिरीवरचं डिझेल इंजिन बिडाचं, ट्रकचं इंजिन बिडाचं. बिडात बोल्ट अंगाचा जोर लावून आवळला तर बहुधा बोल्ट तुटायचा, भोक शाबूत राहायचं. या कामावर हात बसलेली माणसं पुढे स्कूटरकडे वळली आणि ॲल्युमिनियमच्या हेडवरही तसाच पाना फिरवू लागली. इथे हिशेब उलटा. पोलादी प्लगला ओरखडाही येत नाही आणि हेडमधला आटा किस होऊन बाहेर येतो.

1972 साली बजाजची चेतक आली, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं मध्यमवर्गीय घरासमोर बहुधा तीच उभी असे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं, त्यामुळे प्लग काळा पडणं नित्याचं. गाडी आडवी करायची, किका मारायच्या, तरी नाहीच झाली सुरू तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, हे मेकॅनिकने नव्हे तर खुद्द मालकाने करायचं काम होतं. तेही रस्त्याच्या कडेला, हेड तापलेलं असताना. वास्तविक प्लग आधी नुसत्या बोटांनी दोन-तीन फेरे बसवायचा असतो. पहिला आटा नीट धरला की मगच पाना. पण हात भाजतो म्हणून पान्यातच प्लग अडकवून फिरवला जाई आणि तो तिरका बसे. 14 मिलिमीटर व्यासाचा, अर्धा इंच लांबीचा प्लग. आट्यांचं अंतर सव्वा मिलिमीटर. म्हणजे सगळे मिळून जेमतेम दहा आटे. त्यातही बराचसा भार पहिल्या तीन-चारांवर. ते गेले की एखाद्या चढावर फट् आवाज व्हायचा आणि प्लग वायरीला लोंबकळत बाहेर.

यावर रस्त्यावरचे इलाजही होते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी प्लगला गुंडाळायची, नाहीतर तांब्याच्या वायरीची एक तार आट्यांत भरायची. घरापर्यंत पोचवणारे इलाज, त्यापलीकडे त्यांना किंमत नाही.

खरा इलाज टर्नरकडे असे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय किंवा पुण्याच्या पेठांतल्या लेथवाल्यांकडे काय, पद्धत एकच. हेड उतरवून आणायचं, भोक मोठं करायचं, पितळेचा किंवा पोलादाचा बुश कातून आत बसवायचा. बाहेरून मोठे आटे, आतून 14 चे. चांगल्या कारागिराचा बुश गाडी भंगारात जाईपर्यंत टिके. कच्च्या हाताचा बुश पुढच्या वेळी प्लगबरोबरच फिरत बाहेर येई, किंवा आत ज्वलनकक्षात डोकावून राही आणि तापून लाल झाला की ठिणगीआधीच मिश्रण पेटवी. मग इंजिन ठोके मारतं म्हणून गिऱ्हाईक पुन्हा दारात.

बुशऐवजी बसणारी हेलीकॉइल आपल्या गॅरेजांत दिसू लागली ती फार पुढे. जगात ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारासच विमानांच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांत रुळली होती. चौकटच्या आकाराच्या छेदाची स्टेनलेस स्टीलची तार, घट्ट गुंडाळलेली, इतकीच ती वस्तू. साइड कव्हरच्या 6 मिलिमीटरच्या बोल्टाचं उदाहरण घ्या. 6.3 चं ड्रिल मारायचं, मग कॉइलसाठीचा खास टॅप, आणि मग कॉइल मँड्रेलवर धरून आत फिरवायची. मोकळी असताना ती भोकापेक्षा किंचित मोठी असते, म्हणून आत गेली की स्वतःच्या ताणाने भिंतीला धरून बसते. वरचं टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली ठेवायचं आणि तळाची आडवी शेपटी टोला देऊन तोडायची. प्लगच्या भोकात मात्र शेपटी चिमट्याने धरून बाहेरच काढावी लागते, नाहीतर ती पडणार थेट पिस्टनवर. हेड न उतरवता टॅप मारायचा असेल तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरतात, किस त्यात चिकटतो. एवढं करूनही सावध मेकॅनिक नंतर उघड्या भोकातून किका मारून आतला कचरा उडवतो.

गिऱ्हाइकाला हे सगळं जुगाड वाटतं. तो विचारतो, नवीनच हेड का नको? खरं तर कॉइल बसवलेलं भोक मूळच्यापेक्षा मजबूत असतं, कारण ॲल्युमिनियममधला आटा आता मोठ्या व्यासावर आहे आणि बोल्ट घासतो तो स्टीलवर. विमानाच्या कोऱ्या भागांतही ती पहिल्यापासून बसवतात. पण असं सांगून पटत नाही हेही खरं.

1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर. फोर-स्ट्रोकमध्ये प्लग महिनोन्‌महिने कुणी बघेना. ऑइल मात्र ठरल्या किलोमीटरला बदलायचं, म्हणजे चेंबरखालचा ड्रेन बोल्ट दरवेळी उघडायचा. आटे जाण्याची जागा डोक्यावरून तळाशी आली. मूळ कारण मात्र जोर नव्हे, वॉशर. दोन-चार रुपयांचा वॉशर बदलत नाहीत, थेंब गळतो, म्हणून पुढच्या वेळी बोल्ट जास्त आवळतात. तरी गळतो. आणखी आवळतात. या बोल्टाला 25 ते 30 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे वीतभर पान्यावर साधारण पंधरा किलोचा जोर. आपल्याकडे पान्याला पाइप लावायची हौस. मग एम-सील, टेफ्लॉन टेप, ओव्हरसाइज बोल्ट अशी पायरीपायरीने अधोगती.

इथे कॉइलची मर्यादाही उघड झाली. वारंवार उघडायच्या जागी ती कधीकधी बोल्टाबरोबर निघून येते. म्हणून ड्रेन बोल्टासाठी जाणते मेकॅनिक पुन्हा सबंध बुशकडे वळले, फक्त तो आता कारखान्यातून मापात येतो. टर्नरची पद्धत बरोबर होती, त्याची मापं तेवढी दरवेळी जुळत नसत. भोकाशेजारी तडा असेल तर मात्र आर्गन वेल्डिंगला पर्याय नाही. त्यातही ऑइल प्यालेलं जुनं ओतकाम आधी नीट धुऊन, तापवून घेतलं नाही तर वेल्ड सच्छिद्र होतो आणि गळती कायम राहते.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि दुचाकींवर ऑक्सिजन सेन्सर आला, काही गाड्यांत थेट हेडमध्येच. एक्झॉस्टच्या उष्णतेने तो जागीच धरतो, आणि वायर मध्ये येते म्हणून साधा सॉकेट बसत नाही. लोक मग उघड्या पान्याने झटके देतात. सेन्सर निघतो, हेडचे आटे घेऊनच.